भीमराव आंबेडकर यांचे शिक्षण आणि शिष्यवृत्त्या

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजसुधारक आणि भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. बाबासाहेब या नावाने ते सर्वत्र ओळखले जातात. मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे झालेले त्यांचे उच्च शिक्षण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्त्या, स्वतःच्या पगारातील बचत, मित्राचे कर्ज आणि कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य यांवर पार पडले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे एकदा आणि पैसे अपुरे पडल्यामुळे दुसऱ्यांदा त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकात शिष्यवृत्तीची तरतूद करवून घेतली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा प्रारंभ या तरतुदीपासून झाला. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र विद्यार्थी साहाय्याच्या अंगाने दिले आहे.

बालपण आणि शालेय शिक्षण

भीमराव यांचा जन्म मध्य भारतातील महू या लष्करी छावणीत झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी शिक्षक म्हणूनही काम केले होते. शिक्षणाची आवड भीमरावांना वडिलांकडूनच मिळाली. आई भीमाबाई यांचे निधन ते लहान असतानाच झाले. निवृत्तीनंतर रामजी प्रथम दापोली व नंतर सातारा येथे राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिल्या इयत्तेत दाखल झाले. तेथे त्यांना अस्पृश्य म्हणून वर्गात वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नसे.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहावयास गेले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. एका खोलीत सारे घर राहत असल्यामुळे रात्री उशिरा, घरातील माणसे झोपली असताना, त्यांना अभ्यास करावा लागे. वडिलांच्या निवृत्तिवेतनात दोन मुलांचे इंग्रजी शिक्षण परवडेना, तेव्हा थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली. पुस्तकांसाठी पैसे नसत त्या वेळी रामजी आपल्या विवाहित मुलींकडून उसने पैसे घेत किंवा त्यांचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती संधी नाकारली गेल्यामुळे भीमरावांनी दुसरी भाषा म्हणून फारसी घेतली.

१९०७ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने हा टप्पा गाठणे ही त्या काळी दुर्मीळ घटना होती. त्यानिमित्त सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा झाली. या सभेस कृष्णराव अर्जुन केळुसकर उपस्थित होते. केळुसकर हे शिक्षक व मराठीतील चरित्रकार होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याशी त्यांची ओळख आधीच झाली होती. स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी या वेळी भीमरावांना भेट दिले.

बडोदा संस्थानची पहिली शिष्यवृत्ती

जानेवारी १९०८ मध्ये भीमरावांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला. इंटरची परीक्षा होईपर्यंत रामजींनी महाविद्यालयाचा खर्च कसाबसा भागवला, पण पुढील शिक्षणासाठी त्यांच्याजवळ काहीच उरले नाही. शिक्षण थांबण्याची वेळ आली असता केळुसकर पुढे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी अस्पृश्य समाजातील लायक विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी मदत करण्याची तयारी दाखवली होती. केळुसकरांनी त्याची आठवण देऊन भीमरावांची महाराजांशी भेट घडवून आणली. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

त्या काळी अशा शिष्यवृत्तीसाठी ठरावीक छापील अर्ज, जाहीर नियम वा शेवटची तारीख असे काही नसे. संस्थानिकापर्यंत पोहोचण्यास ओळखीच्या आणि वजनदार माणसाचा शब्द लागत असे. ज्या विद्यार्थ्याला केळुसकरांसारखा शिक्षक भेटला नाही त्याची लायकी दरबारापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांनीही भीमरावांना पुस्तके व कपडे देऊन मदत केली. १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, परंतु थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची बातमी आल्याने मुंबईस परतले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले.

अमेरिकेतील शिक्षणाचा करार

याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्याच्या विचारात होते. महाराजांच्या सूचनेनुसार भीमरावांनी अर्ज केला व त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी संस्थानच्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड अशी ही शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. ठरवून दिलेल्या विषयांच्या अभ्यासातच वेळ घालवावा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी, अशा तिच्या अटी होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर ही सेवेच्या हमीपत्रावर दिलेली शिष्यवृत्ती होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात पारशी विद्यार्थी नवल भथेना हे त्यांचे सोबती होते. ही मैत्री आयुष्यभर टिकली. मुदत मर्यादित असल्याची जाणीव असल्यामुळे भीमरावांनी अभ्यासक्रमांची निवड अत्यंत विस्तृत ठेवली. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ व तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, फ्रेंच व जर्मन यांचाही अभ्यास केला. अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई या अध्यापकांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. शिष्यवृत्तीच्या रकमेतून ते घरी पत्नी रमाबाई यांना पैसे पाठवीत. उरलेल्या पैशांतून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी मोठा ग्रंथसंग्रह जमवला.

१९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधासाठी त्यांना एम.ए. पदवी मिळाली. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती व यंत्रणा यांविषयीचा निबंध विद्यापीठातील परिसंवादात वाचला.

लंडन, मुदत आणि पहिली परतफेड

शिष्यवृत्तीची तीन वर्षे संपत आली त्या वेळी भीमरावांनी लंडनमध्ये अभ्यास करण्यासाठी मुदतवाढ मागितली. ती थोड्या काळासाठी मंजूर झाली. सेलिग्मन यांनी लंडनमधील अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. ऑक्टोबर १९१६ मध्ये भीमरावांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवले.

१९१७ मध्ये वाढीव मुदतही संपली आणि संस्थानने त्यांना परत बोलावले. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी दिली. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजाने पाठवले होते ते जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि त्यातील बहुतेक पुस्तके गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस पोहोचले. सामानाच्या नुकसानभरपाईची जी रक्कम मिळाली, तिचाच त्यांना बडोद्यास जाण्यासाठी उपयोग झाला.

करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. दोन परदेशी विद्यापीठांत शिकलेल्या या अधिकाऱ्यास शहरात भाड्याने खोली मिळेना. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकत. अखेर त्यांनी पारशी असल्याचे भासवून एका पारशी उतारशाळेत आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगण्यात आले. हिंदू व ख्रिस्ती परिचितांनीही घरी ठेवून घेण्यास असमर्थता दर्शवली. गाडीची वेळ होईपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. दहा वर्षांच्या सेवेचा करार काही दिवसांतच प्रत्यक्षात अशक्य ठरला. शिष्यवृत्तीने विद्यार्थ्यास ज्ञान मिळवून दिले होते. त्या ज्ञानाचा उपयोग करण्यास लागणारी सामाजिक जागा तिच्या कक्षेबाहेर राहिली.

नोकरी, बचत आणि कर्ज

मुंबईत शिकवण्या व आर्थिक सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी करून पाहिला, परंतु सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. दरमहा ४५० रुपये पगार असूनही ते परळच्या चाळीतच राहिले. रमाबाईंनी ठरावीक रकमेत घर चालवले आणि बाकीचे पैसे लंडनच्या अपुऱ्या अभ्यासासाठी बाजूला पडत गेले.

या काळात त्यांचा शाहू महाराजांशी परिचय झाला. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या मूकनायक या पाक्षिकास महाराजांनी आर्थिक साहाय्य केले होते. लंडनच्या शिक्षणासाठीही त्यांनी मदत केली. नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. पगारातील शिल्लक, हे कर्ज आणि महाराजांची मदत एवढ्या भांडवलावर भीमराव जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. लंडन विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत संपण्यास त्या वेळी सव्वा वर्ष उरले होते.

या खेपेस शिष्यवृत्ती नव्हती. सकाळी ग्रंथालय उघडण्याच्या वेळी ब्रिटिश म्युझियममध्ये जायचे आणि ते बंद होईपर्यंत वाचत राहायचे, असा त्यांचा क्रम होता. दुपारचे जेवण बहुधा चुके. रात्री अभ्यास करताना घरून आणलेल्या पापडांवर भूक भागवली जाई. १९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली. पुढे ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी त्यात काही बदल सुचवले, पण ते करीत लंडनमध्ये राहण्यास पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, तेथून सुधारित प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी त्यांना पदवी मिळाली. वकिलीची सनद घेण्यासाठी लागणारे पैसेही भथेना यांनीच दिले.

कोलंबियाच्या पीएच.डी.साठी प्रबंध छापून सादर करणे आवश्यक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली. हा ग्रंथ त्यांनी शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केला आहे. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

वसतिगृहे आणि विधिमंडळातील भूमिका

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. तिच्या कार्यक्रमात शिक्षणप्रसारास अग्रस्थान होते. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले व तेथील विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची आणि कपड्यापुस्तकांची सोय केली.

१९२७ मध्ये आंबेडकर मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. शिक्षणाच्या अनुदानावरील चर्चेत त्यांनी घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. शालेय वयातील मुलांना रोख शिष्यवृत्ती देण्याची पद्धत त्यांना फारशी उपयुक्त वाटत नव्हती. दारिद्र्यामुळे ती रक्कम घरखर्चात जाते आणि मुलगा शाळेत टिकत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. तोच पैसा वसतिगृहांवर खर्च केल्यास मुलास अभ्यासाचे वातावरण मिळेल व मदत तिच्या हेतूपर्यंत पोहोचेल, असे त्यांनी मांडले. खालच्या थरांतील लोकांना उच्च शिक्षण परवडेल इतके ते स्वस्त असले पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता.

जून १९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांची वसतिगृहे सरकारी अनुदान व देणग्या यांच्या आधारे ही संस्था चालवीत असे. त्याच वर्षी मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० मध्ये सादर झालेल्या अहवालात शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढवण्याच्या शिफारशी होत्या.

केंद्र सरकारची शिष्यवृत्ती योजना

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी सविस्तर निवेदन दिले. निवेदनातील शिक्षणविषयक भागात त्यांनी एक तुलना मांडली. बनारस व अलीगढ या दोन विद्यापीठांना केंद्र सरकार प्रत्येकी ३ लाख रुपये वार्षिक अनुदान देत होते. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी मात्र केंद्राची कोणतीही तरतूद नव्हती. तेवढीच रक्कम या विद्यार्थ्यांसाठी मिळावी, अशी त्यांची मागणी होती. त्यांपैकी २ लाख रुपये देशातील विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी आणि १ लाख रुपये परदेशी शिक्षणासाठी असावेत, असे त्यांनी सुचवले.

विज्ञान व तंत्रशिक्षणावर त्यांनी दिलेला भर सहेतुक होता. हे शिक्षण कला शाखेपेक्षा महाग असल्यामुळे गरीब विद्यार्थी त्यातून आपोआप वगळला जात असे. परदेशी शिक्षणामागे शासनातील वरच्या, निर्णायक जागांवर या समाजातील माणसे पोहोचावीत हा विचार होता.

सरकारने १९४४-४५ पासून पाच वर्षांसाठी दरवर्षी ३ लाख रुपयांची तरतूद मंजूर केली. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना या निधीतून शिष्यवृत्त्या देण्यात येऊ लागल्या व काही विद्यार्थी परदेशीही गेले. १९४८-४९ मध्ये योजना अनुसूचित जमातींना आणि १९४९-५० मध्ये इतर मागास वर्गांना लागू झाली. एखाद्या राजाच्या औदार्यावर किंवा शिक्षकाच्या ओळखीवर अवलंबून असलेली मदत यामुळे सार्वजनिक निधीतून, नियमाने आणि अर्जावर मिळू लागली. मुदत व रक्कम अपुरी पडण्याचा प्रश्न मात्र तेवढ्याने संपला नाही.

शिक्षणसंस्था आणि संविधान

८ जुलै १९४५ रोजी आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. जून १९४६ मध्ये संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. प्रारंभी त्याचे वर्ग लष्कराच्या जुन्या बराकींत भरत. वर्ग सकाळी ठेवल्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना पदवीपर्यंत शिकता आले. शिष्यवृत्ती न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी नोकरी सांभाळून शिकण्याची ही वाट होती. १९५० मध्ये संस्थेने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यात त्या काळी उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. तेथील दलित तरुणांच्या पहिल्या पदवीधर पिढ्या घडवण्यात या महाविद्यालयाचा मोठा वाटा आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४६ अन्वये दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींच्या शैक्षणिक हितसंबंधांचे संवर्धन करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकण्यात आली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अनुच्छेद १५ (४) मुळे मागास वर्गांच्या प्रगतीसाठी विशेष तरतुदी करण्यास घटनात्मक आधार मिळाला. आंबेडकर त्या वेळी कायदामंत्री होते. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

१९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही भारत सरकार शिष्यवृत्ती या नावाने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परिचित आहे. तिचे अर्ज आता महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना निवास व भोजनासाठी रक्कम देणारी राज्य शासनाची स्वाधार योजना आंबेडकरांच्या नावाने चालते. परदेशी शिक्षणासाठीच्या राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीस राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. ७ नोव्हेंबर हा भीमरावांच्या शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बडोद्यातील ज्या बागेत त्यांनी गाडीची वाट पाहत काही तास काढले, ते स्थळ संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते.